वानोळ्याचं पोतं

विशाखानं निखाऱ्यावरचं कणीस फिरवलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. दाणे तडतडतच नव्हते. नुसते फुगत होते, त्यातून पांढरं दूध सुटत होतं आणि कोळशावर पडून चुर्र करत होतं. तिनं पुठ्ठ्यानं शेगडीला जोरात वारा घातला. ठिणग्या उडाल्या, गॅलरीत वाळत घातलेला टॉवेल थोडक्यात वाचला, पण कणसानं आपला हट्ट काही सोडला नाही.

"आई, दाण्यांना काळे डाग पडेपर्यंत भाजायचं," सृष्टी दारात उभी राहून मोबाईलमधून वाचत होती. "चारी बाजूंनी."

"चारी बाजूंनी? कणसाला चार बाजू असत्यात का गं? लिहिणारीनं जन्मात कणीस बघितलंय का?"

"बरं, तू भाज ना तुझ्या पद्धतीनं."

"भाजायलेच की. हे भाजू देईल तर ना!"

संध्याकाळी सृष्टीच्या मैत्रिणी यायच्या होत्या आणि त्यांच्यासाठी भाजलेल्या मक्याचा सालसा करायचं ठरलं होतं. सालसा म्हणजे काय, तर कांदा, टमाटे, हिरवी मिरची, कोथिंबीर, वरून लिंबू, आणि त्यात भाजून सोललेले मक्याचे दाणे. म्हणजे कोशिंबीरच, हे विशाखानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. कोशिंबीर म्हटली की या पोरी ती ताटाच्या कडेला सारतात आणि तिलाच सालसा म्हटलं की बोटं चाटतात. आता कुणाशी भांडायचं? पण मका गावाकडचा येणार म्हटल्यावर तिलाही हुरूप आला होता. गॅसवर कणीस भाजणं तिला मान्य नव्हतं. म्हणून खालच्या मजल्यावरच्या सालेहाआपांकडून तिनं सकाळीच शेगडी मागून आणली होती आणि गॅलरीत मांडली होती.

मका आला तो बजरंगच्या खांद्यावरून. बजरंग तिचा धाकटा भाऊ. दरवर्षी गावच्या जीपवाल्याबरोबर पोतं यायचं, यंदा पहिल्यांदाच तो स्वतः घेऊन आला होता. लातूरच्या या तिसऱ्या मजल्यावर पोतं खांद्यावर टाकून, धापा टाकत, घाम पुसत. "घे अक्का, तुझा वानोळा," म्हणून त्यानं ते दारातच उतरवलं, आणि विशाखाचा ऊर भरून आला.

भरून येणारच. हा काही साधा मका नव्हता. शिरूर अनंतपाळजवळ त्यांचं रान होतं. तिची आई तुळजाबाई सोयाबीनच्या पेरणीत तिफणीमागं चालताना बांधाकडच्या एका ओळीत आपल्या हातानं मका टाकायची. ती ओळ विशाखाची. सासरी गेलेल्या लेकीची. त्या ओळीतलं पहिलं कणीस घरात कुणी मोडायचं नाही. आधी पोतं भरून लेकीकडं जायचं, मग बाकीच्यांनी खायचं. एकदा बजरंगनं चोरून एक कणीस भाजलं तर आईनं त्याला जेवायला वाढलं नव्हतं. आई गेली त्या वर्षी विशाखाला वाटलं होतं, झालं, संपलं आता. पण बजरंगनं ओळ पेरली. पुढच्या वर्षीही पेरली. दर भादव्यात पोतं येत राहिलं आणि विशाखा सगळ्या बिल्डिंगीला कणसं वाटत सुटली, "माझ्या माहेरचा मका हाय, खाऊन तर बघा," म्हणून. बायका हसायच्या. हसू द्या. ज्यांना माहेराहून वानोळा येत नाही त्यांना काय कळणार!

यंदा पोत्याबरोबर आणखी दोन गोष्टी आल्या होत्या. एक काठपदराची साडी आणि एक प्लास्टिकची फाईल. फाईलमध्ये हक्कसोडपत्र होतं. वडील सटवाजी वारल्यावर रानाच्या सातबाऱ्यावर बजरंगबरोबर विशाखाचंही नाव लागलं होतं. ते तिनं राजीखुशीनं सोडायचं, दुपारी रजिस्ट्री ऑफिसात जाऊन सही करायची, एवढंच. गावातल्या सगळ्या बहिणी करतात. भाऊ साडी-चोळी करतो, बहीण सही करते, दोघं मिळून गोडाचं जेवतात. जी करत नाही तिच्याविषयी पारावर काय बोलतात, ते विशाखा लहानपणापासून ऐकत आली होती. हिस्सा मागितला, माहेर तुटलं.

बजरंगचा फोन आला तेव्हा तिनं एका वाक्यात होकार दिला होता. नवऱ्यानं "तुमचं तुम्ही बघा" म्हणून अंग काढून घेतलं आणि तो आपल्या ड्युटीवर गेला. सृष्टीनं मात्र घर डोक्यावर घेतलं होतं. कायद्यानं तुझा हक्क आहे, तू कशाला सोडतेस, मामा काय उपाशी मरतोय का, एक ना दोन.

"माझी ओळ हाय ना तिथं?" विशाखा म्हणाली होती. "ती कुणी काढून घ्यायलंय का? मग बास झालं मला."

हे ती तोंडदेखलं बोलली नव्हती. तिला खरंच तेवढंच पुरे होतं.

आता मात्र शेगडीवरचं कणीस तिला काही केल्या सरळ वाटेना. तिनं दुसरं सोललं. पाला ओला, मऊ; पण देठ वाळून तपकिरी झालेला, आजचा मोडलेला नक्कीच नव्हे. एक दाणा नखानं काढून तोंडात टाकला. गोड मिट्ट. साखरेत घोळवल्यासारखा. त्यांच्या रानातला मका असा कधीच नव्हता. तो चिवट, दातांना कामाला लावणारा, निखाऱ्यावर ठेवला की लाह्यांसारखा तडतड उडणारा, आणि गोडी अशी की चावून चावून मागून यायची.

"बज्या," तिनं गॅलरीतूनच हाक मारली, "औंदा बी बदललंस का रे?"

हॉलमध्ये बजरंग सोफ्यावर पंख्याखाली बसला होता.

"आं? हां, हां. बदललं की. नवं बी हाय, लई गोड हाय."

"मग तसं सांगावं की माणसानं! मी आपली मघापासून शेगडीला शिव्या द्यायले."

तिला हायसं वाटलं. बी बदललं, चव बदलली. यात काय एवढं? चिवट मका हल्ली खातं तरी कोण. देठाचं म्हणाल तर काल संध्याकाळी मोडला असेल, गडी कामात असतो. तिनं स्वतःलाच चार कारणं सांगितली आणि चारही स्वतःच मान्य केली.

"अक्का, उरक की," बजरंग दारात येऊन म्हणाला. "तीनचा नंबर हाय आपला. तुझ्या आधारकार्डाची झेरॉक्स लागती, दे, खालून काढून आणतो."

सृष्टीनं कपाटातून कार्ड काढून त्याच्या हातात दिलं. तो जिना उतरून गेला आणि पाचच मिनिटांत सालेहाआपा वर आल्या.

सालेहाआपांचे मिस्टर, ताहेरभाई, कॉलनीच्या वळणावर भाजीचा गाडा लावत. गाड्यावरचं जे काही ताजं असेल ते आपा आधी विशाखाकडं आणून देत, आणि विशाखाकडं जे काही तळलं-भाजलं जाईल ते पहिल्यांदा खाली जाई. बारा वर्षांचा हा व्यवहार. दार वाजवायची पद्धत दोघींकडंही नव्हती.

"घ्या भाभी, कोथिंबीर. आत्ताच पाठवली ह्यांनी," म्हणत आपा सरळ गॅलरीत आल्या. "शेगडी नीट पेटली ना? कोळसे जरा ओले होते... अय्यो, हा बारदाना इथं कसा?"

"कुठला?"

"हाच की!" आपांनी रिकाम्या होत आलेल्या पोत्याचा कोपरा उचलला. "आमचा हाय हा. उंदरानं कुरतडला होता, मीच शिवला. ही बघा निळी सुतळी."

"न्हाई हो आपा. माझ्या भावानं मका आणलाय ह्यातून. गावावरनं."

आपा खळखळून हसल्या. त्यांच्या मनात पाप असतं तर त्या हसल्या नसत्या.

"मग ते तुमचे भाई होते क्या? अल्ला! सकाळी गाडा लावला तर एक साहेब आले म्हणं. सगळे भुट्टे घेतले. ह्यांनी थैलीत भरायला घेतले, तर साहेब म्हणले, थैली नको, जुनं पोतं असलं तर त्यात घाला. हे म्हणले, पोतं कशाला, खांद्याला लागंल. तर म्हणले, बहिणीला द्यायचं हाय, पोत्यातच शोभतंय. ह्यांना लई गंमत वाटली. घरी येऊन मला सांगितलं, असा शौकीन माणूस..."

बोलता बोलता त्यांचं विशाखाच्या तोंडाकडं लक्ष गेलं आणि त्या थांबल्या.

"भाभी? मैं कुछ गलत बोली क्या?"

"न्हाई आपा. तुम्ही कुठं."

आपा घुटमळल्या, कोथिंबिरीची जुडी कठड्यावर ठेवली, सृष्टीकडं एकदा बघितलं आणि हळूच निघून गेल्या. जाताना त्यांनी दार ओढून घेतलं, आजवर कधी घेतलं नव्हतं ते.

"आई..." सृष्टी पुढं आली.

"तू गप. टमाटे चिर."

विशाखानं भाजलेली कणसं उचलली आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर आणून आपटली. सुरी घेतली. कणीस ताटात उभं धरून वरून खाली सपासप दाणे उतरवायला लागली. दाणे ओटाभर उडत होते, पायाखाली येत होते. सृष्टी खाली वाकून गोळा करायला लागली तर, "ऱ्हाऊ दे ते!" म्हणून ती अशी कडाडली की पोरगी जागच्या जागी बसली.

तिला राग कशाचा आला होता, हे तिलाही लगेच सांगता आलं नसतं. मका बाजारचा होता म्हणून? छे! पाऊस पडला नसेल, रानडुकरांनी ओळ झोपवली असेल, हजार गोष्टी होतात. शेतीत कुणाचा शब्द चालतो? पण पोतं! वळणावरून, तिच्याच घरापासून हाकेच्या अंतरावरून कणसं घेतली, आणि ती गावाकडची दिसावीत म्हणून जुनं पोतं मागून घेतलं. पोत्यात शोभतंय! म्हणजे हा माणूस ठरवून आला. खांद्यावर पोतं टाकून तीन मजले धापा टाकत चढला, ते नाटक होतं. आणि आपण खुळ्यासारखं डोळ्यांत पाणी आणून त्याला आधी पाणी दिलं, मग चहा दिला, मग "बस, पंखा मोठा करते" म्हटलं. तिच्या अंगाची लाही लाही झाली. तिनं कांदा घेतला आणि तो असा बारीक चिरला की त्याचं पाणीच झालं.

"मिरच्या दोन घालायच्यात," सृष्टी हळूच म्हणाली.

विशाखानं पाच घातल्या.

टमाटे, कांदा, मिरची, आपांची कोथिंबीर, मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड. वरून लिंबू पिळलं. सगळं हातानंच कालवलं, चमचा शोधायचं तिला सुचलंच नाही. तिखटानं बोटं चरचरत होती. तेवढ्यात दार उघडून बजरंग आत आला, हातात झेरॉक्स.

"झालं का? चल, साडी नेस अन् निघू. तिथं गर्दी असती."

"बस आधी. खाऊन घे."

"येऊन खाऊ की."

"बस म्हणलं ना."

तो बसला. विशाखानं वाटी भरून त्याच्यापुढं ठेवली, चमचा ठेवला, आणि स्वतः समोरच्या खुर्चीत बसली. सृष्टी स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी राहिली. बजरंगनं वाटीत डोकावून बघितलं.

"काय म्हणत्यात ह्याला?"

"सालसा."

"कोशिंबीर हाय की ही!"

एरवी विशाखा हसली असती. एका आईच्या पोटची दोघं, एकच बोलणार. आज ती हसली नाही. बजरंगनं चमचा भरून तोंडात टाकला, मिरची लागली, हू हू केलं, आणि दुसरा चमचा भरला.

"काई म्हण अक्का," तो म्हणाला, "घरच्या मक्याची चवच येगळी."

सृष्टीनं दाराची चौकट घट्ट धरली. विशाखानं मान हलवली.

"कुठल्या अंगाचा हाय रे? बोरीकडचा का हिरीकडचा?"

"हिरीकडचा. बोरीकडं औंदा लई पाणी साचलं."

"आसं व्हय. मोडायला कोण होतं?"

"कोण असणार? मीच. पहाटं गेलो. दव पडलं होतं बघ, गुडघ्यापोतर पाय भिजले." त्यानं आणखी एक चमचा खाल्ला. सांगायच्या भरात त्याचा आवाज मऊ झाला होता, जणू आपलंच आपल्याला पटत होतं. "मोडता मोडता आईची आठवण आली. म्हणलं, असती तर तीच आली असती संगं."

इथवर विशाखानं ऐकून घेतलं होतं. विहिरीकडचा मका ऐकला, दव ऐकलं, भिजलेले पाय ऐकले. पण आईचं नाव निघालं आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"बजरंग," ती म्हणाली. त्याला पूर्ण नावानं तिनं आजवर कधी हाक मारली नव्हती. "आईला मधी आणू नको. पोतं ताहेरभाईचं हाय."

"कोण ताहेरभाई?"

"वळणावर गाडा हाय त्यांचा. खाली राहत्यात. त्यांच्याच शेगडीवर भाजलंय मी, तू खायलास ते."

चमचा वाटीत पडला. बजरंगनं आधी सृष्टीकडं बघितलं, मग गॅलरीकडं, मग खाली फरशीकडं.

"ओळ पेरली न्हाईस ना औंदा?" विशाखानंच विचारलं.

"न्हाई."

"कामून?"

"रान दिलंय."

"कुणाला दिलंय?"

"सोलरवाल्यांना. कंपनी हाय. भाड्यानं घेत्यात, लई वर्सांच्या करारानं. गावातल्या समद्यांनीच दिलं, अक्का. मी एकट्यानं ठिवून काय करू?" तो आता भरभर बोलत होता. "उन्हाळ्यातच खांब रवले. सोलरच्या पाट्या बसवायल्यात आता."

"बांध?"

"सपाट केला समदा. मशीन फिरवली."

विशाखाच्या डोळ्यांपुढं तो बांध आला आणि गेला. आई तिथं पदर खोचून उभी असायची, हात कपाळावर धरून, जीपची वाट बघत. रडू आलं असतं, पण रागानं त्याला वाटच दिली नाही.

"सातबाऱ्यावर माझं नाव हाय म्हणायलास ना तू? मग मला न विचारता दिलंस कसं?"

"म्हणलं त्यन्ला, बहिणीची सही आणून देतो मागाहून." आणि मग तो अगदी सहज, त्यात काही वावगं आहे हे मनातही न येता, म्हणाला, "अक्का देतीच की. अक्काचं काय!"

"अक्काचं काय," विशाखा म्हणाली.

"तसं न्हाई म्हणायलो मी."

"तसंच म्हणायलास. अन् खरंच हाय ते. अक्काचं काय? अक्काला पोतंभर कणसं टाकली की अक्का खूश. ती बी कोपऱ्यावरची टाकली तरी चालत्यात!"

"मग काय रिकाम्या हातानं येऊ का मी बहिणीच्या दारात?" बजरंगही एकदम उसळला, आणि आता त्याच्या आवाजात नाटक नव्हतं. "तूच सांग. भादव्यात, वानोळ्याच्या दिवसांत, नुसती फाईल घिऊन येऊ? तोंड दाखवायला लाज वाटली मला, अक्का. तीन वेळा गाड्यापाशी गेलो अन् माघारी आलो."

"यायचं होतंस की रिकाम्या हातानं! मी काय तुझे हात बघती का?" विशाखा उभी राहिली. आवाज खालच्या मजल्यावर जात असेल याची तिनं पर्वा केली नाही. "दारात उभा ऱ्हाऊन म्हणला असतास, 'अक्का, ओळ ऱ्हायली न्हाई, रान ग्येलं, माझ्याच्यानं राखवलं न्हाई'... एवढंच म्हणला असतास ना बज्या, तर मी रडले असते, तुला चार शिव्या दिल्या असत्या, अन् सही केली असती. आईशप्पथ केली असती. सृष्टीला विचार, मी पेन काढून ठिवला होता."

सृष्टीनं शोकेसकडं बघितलं. तिथं खरंच पेन होता.

बजरंगनं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. मिरचीनं की कशानं, त्याचे डोळे लाल झाले होते. तो खालच्या आवाजात म्हणाला,

"मग आता सांगतो की. ओळ ऱ्हायली न्हाई, अक्का. माझं चुकलं. चल, सही करून येऊ."

"आता न्हाई."

"अक्का..."

"आता न्हाई म्हणलं ना."

"तीनचा नंबर जाईल."

"जाऊ दे."

तिनं स्वतःसाठी वाटी भरून आणली आणि त्याच्यासमोर बसून खायला लागली. तिखट इतकं होतं की नाकातोंडातून पाणी आलं. ती खात राहिली. बजरंग फाईलच्या कडेवरून अंगठा फिरवत बसला होता. कंपनीची माणसं सोमवारी कागद न्यायला येणार होती, ते त्यानं सांगितलं. घरी बायको काय म्हणेल, ते सांगितलं. विशाखानं ऐकलं आणि पाणी प्यायली.

"अन् गावात काय सांगू मी?" शेवटी त्यानं विचारलं. "पारावर विचारतील समदे."

"सांग, विशाखानं हिस्सा मागितला."

बजरंगनं दचकून वर बघितलं. गावात बाईबद्दल यापेक्षा वाईट काही नव्हतं; लोक ते आवाज खाली आणूनच बोलत.

"तसं कसं सांगू? नाव खराब होईल तुझं."

"होऊ दे. चांगलं नाव लई वर्सं सांभाळलं, बघितलं की काय झालं त्याचं. तू सांग. अन् दबक्या आवाजात सांगू नको, ऐकू जाऊ दे समद्यांला. सोमवारी कंपनीवाले आले की त्यांला बी हितला पत्ता दे. काय बोलायचं ते माझ्यासंगं बोलतील."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"तुला तरी काय कळलं?"

तो उठला. फाईल काखेत मारली, शर्टाची बटणं उगाच चाचपली. विशाखानं साडीचा बॉक्स उचलून त्याच्या हातात दिला.

"ही वैनीला ने. रंग चांगला हाय."

"ठिव की गं. साडी तरी ठिव."

"आसंच कधी घिऊन आलास तर ठिवीन."

दारात त्यानं बूट घातले. नाडी बांधायला वाकला तो वाकलेलाच राहिला, उठायचं मनात नसल्यासारखा. आई गेल्यावर तेराव्याच्या दिवशीही तो असाच ओसरीवर वाकून बसला होता आणि विशाखानं त्याच्या पाठीवर हात ठेवला होता. आज तिचा हात पुढं झाला आणि तिनं तो मागं घेतला. अजून राग गेला नव्हता, आणि तो इतक्यात जाऊ द्यायचा तिचा विचारही नव्हता.

तो सरळ झाला. दोन पायऱ्या उतरला आणि मागं वळला.

"अक्का," तो म्हणाला, "भाऊबीजेला येतीस न्हवं?"

विचारताना त्याचा आवाज लहानपणीसारखा झाला होता. हिस्सा मागितला, माहेर तुटलं. हे त्यानंही तिच्याइतकंच लहानपणापासून ऐकलं होतं.

विशाखा दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"येणार की," ती म्हणाली. "न यायला काय झालं? माझं रान हाय तिथं."

त्यानं सवयीनं मान डोलावली आणि तो जिना उतरू लागला. जिन्याच्या खालच्या वळणावर, तिचं शेवटचं वाक्य आत्ता कुठं कानात शिरल्यासारखी, त्याची पावलं थांबली.